इंजिन लागतं आणि बंद पडतं: कधी बंद पडतं, ते आधी बघा

सेल्फ मारला, इंजिन लागलं आणि दोन सेकंदांत गप्प. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा तेच. अशा वेळी पहिला संशय जातो फ्युएल पंपावर, आणि बऱ्याचदा ठणठणीत पंप उगाच बदलला जातो. खरं तर अजिबात न लागणाऱ्या इंजिनापेक्षा हे इंजिन फार बोलकं असतं. ते लागलं म्हणजे कॉम्प्रेशन आहे, ठिणगी पडते आहे आणि क्षणभर का होईना, पेट्रोल पोचलं आहे. प्रश्न एवढाच उरतो की सेल्फ फिरताना जे मिळत होतं, त्यातलं नंतर काय तुटलं.

सेल्फ फिरत असताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हवेच्या मापाकडे फारसं बघत नाही. कूलंटचं तापमान पाहून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सढळ हाताने पेट्रोल सोडतो. इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागलं की हिशेब सुरू होतो: हवा किती आली, तिला पेट्रोल किती. गरम इंजिनात हे प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं धरलेलं असतं, आणि मिनिटाला ७०० ते ८५० फेऱ्यांवर आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिनाचं नुसतं चालू राहणं, सांभाळायचं असतं. सुरुवातीच्या या सढळपणामुळे पुढचे बरेच दोष पहिले काही सेकंद झाकले जातात. म्हणून बंद पडण्याची वेळ आणि तऱ्हा हाच सगळ्यात मोठा पुरावा.

चावी सोडता क्षणीच इंजिन मेलं तर आधी इग्निशन स्विच बघा. स्टार्ट आणि ऑन या दोन जागांचे संपर्कबिंदू वेगळे असतात. ऑनचा संपर्क जळला असेल तर चावी परत येताच ठिणगी देणाऱ्या कॉइलचा आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा पुरवठा तुटतो. कॉइलच्या पॉझिटिव्ह वायरवर टेस्ट लॅम्प लावून चावी सोडा. दिवा विझला की उत्तर मिळालं. ब्रेकर पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत हेच लक्षण तुटलेल्या बॅलास्ट रेझिस्टरचं (कॉइलची वीज मर्यादित ठेवणारा रोधक) असतं, कारण सेल्फ मारताना त्याला वळसा घालून वीज जाते.

एक-दोन सेकंद नीट चालून दर वेळी तेवढ्याच अंतराने इंजिन बंद होत असेल आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल, तर तो इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा, आहे. काही गाड्यांत तो सेल्फच फिरू देत नाही, काहींत इंजिन लागू देतो आणि मग इंजेक्टर बंद करतो. दुसरी चावी लावून बघा, जुडग्यातल्या बाकीच्या चिपवाल्या चाव्या बाजूला करा. यात पाना लागतच नाही.

आता पेट्रोल. चावी ऑन केली की पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. टाकीपाशी किंवा मागच्या सीटखाली कान दिला तर ऐकू येतं. पुढे पंपाला वीज देणारा रिले चालू राहतो तो क्रँक सेन्सरचे (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) संकेत येत असतील तरच. पंप थांबला तरी रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत, उरलेल्या दाबावर इंजिन काही सेकंद काढतं, मग गचके खात मरतं. रेलवर प्रेशर गेज लावा. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात दाब साधारण ३ ते ४ बार असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलात. पण आकड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी काटा पडला आणि मग इंजिन, तर पंप, रिले, फिल्टर किंवा वायरिंग. इंजिन मेलं आणि काटा जागच्या जागी, तर पंपाला हात लावू नका. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनात मात्र हाय प्रेशरची लाइन उघडायची नाही. तिथे दाब ५० बारच्या कितीतरी वर जातो, तो स्कॅनरवरच (ईसीयूला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) वाचायचा.

हलकी रेस देत राहिलं तर इंजिन चालतं आणि पाय काढला की बंद पडतं, ही तक्रार फार सापडते. आयडलिंगला हवा कमी पडते आहे. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून थ्रॉटल बॉडीत, म्हणजे हवेची झडप असते त्या भागात, टॉर्च मारा. झडपेच्या कडेला, जिथे ती भिंतीला टेकते, तिथे काळ्या चिकट कार्बनचं कडं दिसेल. आयडलिंगची हवा त्याच केसाएवढ्या फटीतून जायची असते. चावी बंद ठेवून, थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन कड पुसा. मोटरने हलणारी झडप बोटाने दाबून उघडू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. जुन्या रचनेत शेजारी वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो, तोही काढून पुसा.

ईसीयू कार्बन साचेल तसतशी झडप थोडी जास्त उघडायला शिकत जातो. म्हणून साफ केल्यावर थोडा वेळ आयडलिंग चढं राहतं. आणि याच्या उलटही घडतं: बॅटरी बदलली, शिकलेलं पुसलं गेलं, आणि कालपर्यंत चालणारी गाडी सिग्नलला बंद पडू लागली. दोष नव्या बॅटरीवर येतो. खरा गुन्हेगार तो कार्बन. थ्रॉटल पुसून मॅन्युअलप्रमाणे आयडल रीलर्न, म्हणजे ईसीयूला आयडलिंग नव्याने शिकवणं, करावं लागतं.

हवा मोजली न जाता आत शिरत असेल तर वेगळीच गंमत. आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, रबरी पाइपला चीर गेली की ईसीयूला हवा कमी दिसते, मिश्रण पातळ होतं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करतो ती वाढ-घट) आयडलिंगला अधिक २० टक्के आणि २५०० फेऱ्यांवर शून्याजवळ येत असेल तर हवेची गळती. फेऱ्या आणि भार वाढताना ट्रिमही चढत गेली तर पेट्रोलच कमी पडतंय. एअर फ्लो सेन्सरचं कनेक्टर काढल्यावर इंजिन टिकलं, तर सेन्सर चुकीचं वाचतोय. ही चाचणी मोकळ्या हवेतच करा, बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही.

टाकी भरल्यावरच इंजिन लागून बंद पडतं? टाकीतली वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातून इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असावा. मग ती वाफ नको तेव्हा आत ओढली जाते. थंड इंजिनाच्या आयडलिंगला कॅनिस्टरकडून येणाऱ्या नळीला ओढ लागता कामा नये. जळका धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर तोही आयडलिंग मारतो. कूलंट सेन्सरची वायर तुटली तर स्कॅनर उणे ४० अंश दाखवतो आणि इंजिन पेट्रोलने न्हाऊन निघतं. प्लग काळे, ओले.

पंधरा-वीस मिनिटांनी, गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा लागत असेल तर क्रँक सेन्सर. बंद पडताना टॅकोमीटरकडे बघा: इंजिन अजून फिरत असताना काटा झटकन शून्यावर आला तर संकेतच तुटला. स्कॅनरवर दोषाचा कोड बहुधा पी ०३३५ येतो, पण नेहमी येतोच असं नाही.

डिझेलमध्ये अशा वेळी आधी हवा शोधतात. फिल्टरमधलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालतं, मग मरतं. पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या लाइनीत पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे दिसतात. मग फिल्टरच्या अलीकडे टाकीची लाइन सोडवून नळी स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवा आणि हातपंपाने हवा काढा. कॅनवर इंजिन चालत राहिलं तर चीर टाकी ते फिल्टर या पट्ट्यातच आहे. तरीही बुडबुडे आलेच, तर फिल्टरच्या झाकणाचा ओ-रिंग काढून बघा.