घरगुती मत्स्यकक्ष

घरातली एक खोली केवळ मत्स्यटाक्यांसाठी राखून तिथे पाणी, हवा, ऊब आणि सांडपाणी यांची सामाईक सोय केली की तो मत्स्यकक्ष. बोलताना सगळे ‘फिश रूम’च म्हणतात. आखणी मोरीपासून सुरू करावी, टाक्यांच्या संख्येपासून नव्हे. बादल्यांनी पाणी उपसावे लागणारी खोली फार दिवस चालत नाही.

पहिला प्रश्न वजनाचा. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढ्याच उंच टाकीत काठाखाली दोन इंच सोडून सुमारे १५५ लिटर पाणी मावते. ८ मिमी काच आणि वाळू धरून तिचे वजन दोनशे किलोवर जाते. अशा तीन टाक्या एकावर एक बसवल्या की मांडणीसह साडेसहाशे किलो होतात, तेही जेमतेम साडेचार चौरस फुटांवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला चल भार, म्हणजे माणसे-सामानाचे वजन, चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. म्हणून तळमजलाच बरा. इंदूरच्या जुन्या घरांतल्या लाकडी तुळयांच्या माडीवर तर हा विचारही नको.

तळमजल्यावरही माळव्याची काळी माती आडवी येते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असेल तर वरची फरशी हलते. शिवाय फरशीला मोरीकडे उतार हवा, मांडणीला मात्र सपाटी. त्यामुळे ४० मिमी चौकोनी लोखंडी पाइपाच्या मांडणीच्या प्रत्येक पायाखाली सहा इंच लांब-रुंद जाड पत्रा द्यावा आणि उंची पत्र्याच्या चकत्यांनी जुळवावी. पाणसळीवर विसंबून न राहता टाकी अर्धी भरून एक दिवस ठेवावी आणि दोन्ही टोकांना काठापासून पाण्याची रेघ पट्टीने मोजावी. फरक दोन मिलिमीटरांहून जास्त निघाला तर टाकी रिकामी करून पुन्हा चकत्या घालाव्यात. पहिल्या पावसाळ्यानंतर हीच मोजणी परत करावी. काचेखाली १२ मिमी थर्माकोल हवेच; वाळूचा एक खडा राहिला तरी तळ तडकतो. वरच्या मांडणीपर्यंत फूटभर मोकळी जागा सोडली नाही, तर जाळे आत जात नाही.

इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपाने चढवून आणले जाते आणि पुष्कळ वस्त्यांत ते एक दिवसाआड येते. वरच्या मापाच्या दहा टाक्यांचे आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायचे तर ४६५ लिटर लागतात. साठवणीची टाकी हजार लिटरची घ्यावी. तिच्यात दिवसभर हवा सोडली की साधा क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचे टिकाऊ संयुग) मात्र जात नाही. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनच्या वजनाच्या सुमारे सातपट घालतात. बोअरचे पाणी बेसॉल्ट खडकातले, बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे. गप्पी-मोली त्यात खूश असतात. डिस्कस या नाजूक माशाची पिल्ले काढायची तर क्षार गाळणाऱ्या आरओला पर्याय नाही. पाण्याचा जडपणा बाष्पीभवनानेही वाढत जातो, कारण क्षार मागेच राहतात.

हवेसाठी टाकीगणिक पंप लावण्याऐवजी एकच ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारे मोठे यंत्र, आणि खोलीभर फिरून स्वतःलाच मिळणारी पीव्हीसी नळी लावतात. ब्लोअर पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. तो खाली असेल तर वीज जाताच पाणी बारीक नळीतून उलटे चढते, थेट यंत्रात उतरते आणि पहाटे फरशीवर थारोळे दिसते. हवा नेहमी उथळ टाकीकडे पळते, म्हणून प्रत्येक फांदीला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा. जास्तीची हवा बाहेर सोडायला एक तोंड ठेवावे, नाहीतर ब्लोअर तापतो. इन्व्हर्टरवर आधी हाच जोडावा, दिवे नंतर.

हिवाळ्यात इंदूरला रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो. टाकीगणिक हीटरपेक्षा बंदिस्त खोलीच २६-२७ अंशांवर ठेवणे स्वस्त पडते. मात्र वरची रांग खालच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गरम राहते. डिस्कस वर, गोल्डफिश खाली. दमटपणा काढायला एक्झॉस्ट पंखा लागतो, नाहीतर लाकडी दार फुगून बसते. उन्हाळ्यात कूलर लावला तर दमटपणा आणखी वाढतो.

विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग अनिवार्य. वायर प्लगच्या खाली लोंबती सोडावी, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो. काचेला भोके टाकी जोडण्याआधी पाडावीत. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला पाडायला गेल्यास तिचा चुरा होतो.