आयुष्मान कार्ड काढायला येण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. आमच्या सेवा केंद्रात सातबारा, दाखले, पीकविमा यांसाठी रोज माणसं येतात. आयुष्मान कार्ड म्हणजे ठरावीक आजारांवर दवाखान्यात पैसे न भरता उपचार मिळवून देणाऱ्या सरकारी योजनेचं कार्ड. त्यासाठी मात्र बहुतेक जण धावत येतात ते घरातलं कुणी ॲडमिट झाल्यावर. तेव्हा जीव थाऱ्यावर नसतो, कागद घरी राहिलेले असतात, आणि नेमका रेशनकार्डातल्या नावात घोळ निघतो. ही धावपळ टळावी म्हणून हे पत्रक. घरी न्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

गावात अजून सगळे "जीवनदायी" म्हणतात, ती हीच योजना. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. आता आपल्या राज्यात दोन्ही एकत्रच चालतात. आधी फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. १ जुलै २०२४ पासून ही मर्यादा ५ लाख झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही योजना खुली झाली. "आमचं कार्ड केशरी आहे, आम्हाला कुठलं मिळतंय" असं म्हणून परत जाऊ नका. हप्ता भरावा लागत नाही. ५ लाख मात्र सगळ्या कुटुंबात मिळून, माणशी नव्हे.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालू नका. लागतं ते रेशनकार्ड, घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल. रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर माहीत नसेल तर रेशन दुकानदाराला विचारून लिहून आणा.

खरी अडचण नावांची. आधारवर "लक्ष्मीबाई" आणि रेशनकार्डावर "लक्ष्मी", किंवा आडनावातली एक वेलांटी इकडची तिकडे, एवढ्यावर केवायसी (ओळखीची पडताळणी) अडकते. त्याहून जास्त अडकतात त्या सुना. लग्नाला ६-६ वर्षं झालेली, पदरात २ लेकरं, आणि नाव अजून माहेरच्या रेशनकार्डात. बाळंतपणाच्या किंवा ऑपरेशनच्या वेळी हे लक्षात येतं. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत सासरच्या कार्डात नाव चढवून घ्या. हे काम एका दिवसात होत नाही, म्हणून सगळे धडधाकट असतानाच करा. घरात सून आली असेल तर सासू-सासऱ्यांनीच पुढाकार घ्यावा, ही आमची मनापासून विनंती.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. घाबरू नका. मोबाईलवर ओटीपी येतो, चेहरा दाखवूनही केवायसी होते. ज्यांच्याकडे चांगला फोन आहे त्यांना आयुष्मान ॲपवरून घरबसल्याही करता येतं; आमच्याकडेच आलं पाहिजे असं नाही. कार्डाला सरकारी फी नाही.

आता दवाखान्याचं. प्रत्येक दवाखाना योजनेत नसतो, आणि असला तरी सगळ्याच आजारांसाठी नसतो. १५५३८८ या टोल फ्री नंबरवर फोन करून आधी विचारा. ताप-खोकल्याची बाहेरून घेतलेली गोळी, नुसती तपासणी यात बसत नाही. ठरावीक आजारांचे भरती होऊन घेतलेले उपचार बसतात. बसले की तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण आणि घरी सोडल्यावर १० दिवसांची औषधं यांचे पैसे द्यायचे नसतात.

हे मी कळकळीने लिहितोय, कारण आमच्या घरात ही चूक झाली. चुलत्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा काउंटरवर अनामत मागितली आणि आम्ही काकूंच्या पाटल्या गहाण ठेवून ती भरली. तिसऱ्या दिवशी चहा आणायला खाली उतरलो तर दाराशेजारीच एक टेबल, त्यावर पाटी: आरोग्यमित्र. म्हणजे दवाखान्यात या योजनेचं काम बघणारा माणूस. तीन दिवस त्याच दारातून आमची ये-जा चालली होती. म्हणून दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिल्यांदा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा, पैसे भरण्याच्या आधी. कुणी वर पैसे मागितले तर १५५३८८ याच नंबरवर तक्रार करा. तान्ह्या बाळाचं नाव कार्डात नसलं तर जन्मदाखला आणि आईबापासोबतचा फोटो घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं निघतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. त्याला उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरून धरतात. आधारवर जन्मसाल चुकलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

बाजारच्या दिवशी आमच्याकडे गर्दी असते. म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या कुठल्याही दिवशी सकाळी आणा, आणि आधारला जोडलेला फोन चार्ज करून आणा.