मॉल की शॉपिंग सेंटर? आधी गाळा कोणाचा ते बघा

काचेची दर्शनी बाजू, सरकते जिने, तळघरात पार्किंग. शहराच्या ऐन व्यापारी भागातल्या अशा कुठल्याही इमारतीला लोक मॉल म्हणून मोकळे होतात. नुसती खरेदी करायची असेल तर काही बिघडत नाही. पण आयुष्यभराची पुंजी घालून तिथे गाळा घ्यायचा असेल, तर ती इमारत खरोखर मॉल आहे की शॉपिंग सेंटर, हे कळायलाच हवं. शॉपिंग सेंटरमधले गाळे बिल्डर एकेक करून विकतो आणि बाजूला होतो. मॉलमध्ये सगळी इमारत एकाच मालकाकडे राहते, गाळे फक्त भाड्याने मिळतात.

बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात. कोणतं दुकान कुठे बसवायचं, हे मॉलचा मालक ठरवतो. भाडं बहुधा दोन भागांत असतं: एक ठरावीक रक्कम आणि विक्री विशिष्ट आकड्यापुढे गेली की त्यावर टक्का. दुकानदाराचा गल्ला भरला तर मालकाचंही भलं होतं, म्हणून गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानाला, म्हणजे अँकरला, तो अगदी कमी भाड्यातही जागा देतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या एडिना इथे १९५६ मध्ये साउथडेल हा वातानुकूलित, पूर्ण बंदिस्त मॉल उघडला, तेव्हा वास्तुविशारद व्हिक्टर ग्रूएन यांच्या आराखड्यात दोन प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअर्स एकाच छताखाली होती. एकातून दुसऱ्यात जाणारा माणूस मधल्या छोट्या दुकानांवरून जातो, हे त्यामागचं गणित.

साउथडेल उपनगरात होतं, तिथे जागा ऐसपैस. व्यापारी भागात जमीन महाग, म्हणून मजल्यावर मजले चढतात आणि प्रत्येक मजल्यागणिक गिऱ्हाईक गळतं. मॉलवाला यावर सिनेमागृह आणि फूड कोर्ट वरच्या मजल्यांवर नेतो, म्हणजे माणसं वर जातात आणि उतरताना दुकानं बघतात. शॉपिंग सेंटरमध्ये वरचा गाळा ज्याने पैसे भरले त्याचा. तिथे शिंपी येईल, क्लास येईल, गोदामही होईल. तिसऱ्या मजल्यावर गेलात तर कुलपांवर धूळ बसलेली आणि सरकता जिना बंद पडून साधा जिना झालेला दिसतो. दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा यावर एकमत होत नाही, कारण तळमजल्यावाल्याला त्या जिन्याची गरजच नसते.

तरीही शॉपिंग सेंटरची बाजू मला हलकी वाटत नाही. स्वतःच्या गाळ्यात बसलेल्या छोट्या दुकानदाराला करार संपला म्हणून कोणी उठवू शकत नाही. मॉलमध्ये दहा वर्षं धंदा जमवूनही तो भाडेकरूच राहतो. शिवाय शॉपिंग सेंटरचे तळमजल्यावरचे गाळे बहुधा थेट रस्त्यावर उघडतात, त्यामुळे फुटपाथ जागता राहतो. आत तोंड करून बसलेला मॉल रस्त्याला नुसती भिंत दाखवतो, आणि शहराच्या मध्यावर ती फार खुपते.

मोडकळीला येण्याची तऱ्हाही वेगळी. अमेरिकेतच न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराच्या मध्यवर्ती भागात ग्रूएन यांच्याच आराखड्यावर उभा राहिलेला मिडटाउन प्लाझा हा मॉल १९६२ मध्ये उघडला आणि २००८ मध्ये बंद झाला. मॉल असा एकदम मिटतो आणि जागा नव्या कामाला लागू शकते. विकलेल्या गाळ्यांची इमारत मात्र मजल्यामजल्याने ओस पडते आणि ती पाडायलाही शेकडो सह्या लागतात. जमिनीची टंचाई असलेल्या सिंगापूरला यासाठी १९९९ मध्ये कायदाच बदलावा लागला. सर्व मालकांच्या संमतीची अट काढून दहा वर्षांहून जुन्या इमारतीच्या एकत्रित विक्रीसाठी ८० टक्के संमती पुरेशी ठरवली.

म्हणून 'मॉलमध्ये गाळा विकणे आहे' अशी जाहिरात दिसली तर थांबा. जिने, लिफ्ट, पार्किंग कोणाच्या नावावर आहे आणि मेंटेनन्सचा निधी कोण सांभाळतो, हे लेखी मागा. मग एका संध्याकाळी तिथे जाऊन उघडी शटरं मोजा आणि गाळे घेतलेल्यांपैकी किती जण स्वतः दुकान चालवतात ते विचारा. बहुतेकांनी नुसती गुंतवणूक करून कुलूप लावलं असेल, तर तुमच्या दारात गिऱ्हाईक आणायला तिथे कोणीच नसेल.