आभासी नेटवर्क कार्ड आणि ड्रायव्हर यांची बोलणी

व्हर्च्युअल मशीनमधल्या लिनक्सला दिसणारं नेटवर्क कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये बसवलेलं नसतं. क्यूईएमयूसारखा प्रोग्रॅम ते सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. पूर्वी अशी सॉफ्टवेअरमधली कार्डं इंटेल किंवा रिअलटेकच्या खऱ्या चिपची हुबेहूब नक्कल करत, पण नक्कल महाग पडते: ड्रायव्हरने एकेका रजिस्टरला (कार्डाच्या नियंत्रणाच्या खणाला) हात लावला की आभासी मशीनमधून बाहेर, क्यूईएमयूकडे, यावं लागतं. लिनक्सचे प्रोग्रॅमर रस्टी रसेल यांनी मांडलेल्या व्हर्टिओ या मानकाने ही नक्कलच सोडून दिली. कार्ड आभासी आहे हे ड्रायव्हरला माहीत असतं आणि काम कसं चालवायचं हे दोघं आधी ठरवून घेतात.

आपल्याकडे लग्नाआधी याद्या होतात, तसाच हा प्रकार. कार्ड आपल्याला काय काय जमतं ते बिटांच्या रूपात मांडतं. ड्रायव्हर त्यातले हवे ते उचलतो. यादीत नसलेलं मागता येत नाही. उदाहरणार्थ, बिट ५ म्हणजे मॅक पत्ता (कार्डाची सहा बाइटांची ओळख) कार्डच देईल, बिट २२ म्हणजे पॅकेटांची ये-जा करणाऱ्या रांगांच्या एकाहून अधिक जोड्या, आणि बिट ३२ म्हणजे व्हर्टिओ १.० चे नियम.

क्रम ठरलेला आहे. ड्रायव्हर स्टेटस रजिस्टरमध्ये ० लिहून कार्ड रीसेट करतो. मग १ (तू दिसलास) आणि २ (तुला चालवता येतं). त्यानंतर बिट वाचून निवड लिहायची आणि स्टेटसमध्ये ८ मिळवायचे. पुढची पायरी नवशिके हमखास गाळतात: स्टेटस पुन्हा वाचायचं. ८ चा बिट टिकला नसेल तर कार्डाला ती निवड मान्य नाही, आणि तिथेच थांबायला हवं. टिकला तर रांगा उभारायच्या आणि शेवटी ४ मिळवायचे. बेरीज १५. लिनक्समध्ये सिसएफएसखालची (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) त्या डिव्हाइसची स्टेटस फाइल उघडली की आकड्याच्या शेवटी 'एफ' दिसतो, तो हाच; सोळाच्या पाढ्यातल्या (हेक्स) अंकांत १५ म्हणजे एफ. शेजारच्या फीचर्स फाइलमध्ये ० आणि १ ची लांब ओळ असते. डावीकडचा पहिला अंक म्हणजे बिट ०.

बोलणी चालू असताना कॉन्फिगरेशन वाचायला मुभा आहे, लिहायला नाही. ही मुभा कामाची आहे. कार्डाने दिलेला एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटांत) ६८ पेक्षा कमी निघाला, तर लिनक्सचा ड्रायव्हर बिट ३, म्हणजे एमटीयू कार्डाने सांगण्याचा बिट, स्वीकारतच नाही.

वाचतानाही एक खड्डा आहे. व्हर्टिओच्याच आभासी डिस्कची क्षमता ५१२ बाइटांच्या सेक्टरांत, ६४ बिटांत लिहिलेली असते, आणि ती ३२-३२ बिटांच्या दोन तुकड्यांत वाचली जाते. २ टेराबाइटला थोडी कमी असलेली डिस्क नेमकी मधल्या क्षणी वाढवली, तर खालचा तुकडा जुना आणि वरचा नवा हाती येतो, आणि डिस्क जवळपास ४ टेराबाइटची दिसते. म्हणून वाचण्याआधी आणि नंतर जनरेशन काउंटर (कॉन्फिगरेशन बदललं की बदलणारा आकडा) बघायचा. तो बदलला असेल तर पुन्हा वाचायचं.

आता सर्वांत फसवी चूक. प्रत्येक पॅकेटच्या पुढे व्हर्टिओचं छोटं हेडर असतं. जुन्या नियमांत ते १० बाइटांचं. बिट १५ (एक पॅकेट अनेक बफरांत घेण्याची मुभा) किंवा बिट ३२ ठरला की १२ बाइटांचं, कारण शेवटी बफरांची संख्या जोडली जाते. समजा, स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरने बिट ३२ स्वीकारला, पण हेडर १० बाइटांचंच ठेवलं. स्टेटस १५ दाखवतो, एररचा पत्ता नाही, आणि नेटवर्क मात्र मुकं. कार्ड १२ बाइट काढून टाकतं, म्हणजे फ्रेमचे (हेडरमागच्या खऱ्या पॅकेटचे) पहिले दोन बाइट त्यासोबत जातात.

यजमान मशीनवर टीसीपीडंप (पॅकेटं दाखवणारं साधन) लावा आणि गेस्टमधून, म्हणजे आभासी मशीनमधून, पिंग करा. एआरपीचा (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणाऱ्या पॅकेटचा) ब्रॉडकास्ट पत्ता, म्हणजे सगळ्यांना उद्देशून असलेला, खरं तर सहाही बाइट 'एफएफ' असायला हवा. दिसतात चारच 'एफएफ', आणि मागे ५२ ५४. हे ५२ ५४ पाठवणाऱ्या मॅकचे पहिले दोन बाइट; क्यूईएमयूचे डिफॉल्ट मॅक पत्ते त्यांनीच सुरू होतात. पुढे एआरपीची खूण असलेले ०८ ०६ पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या शेपटीला चिकटलेले सापडतात. अशी दोन घरं सरकलेली ओळ दिसली, तर केबल, ब्रिज, फायरवॉल यांच्या मागे लागू नका. ड्रायव्हरमधली हेडरची लांबी ठरलेल्या बिटांवरून काढली जाते का, तेवढं बघा.