गाडीचं नाक दुमडायलाच हवं

माझ्या भाच्याने नुकतीच पिकअप घेतली, इंदूरच्या चोइथराम मंडीतून महूला भाजी न्यायला. पहिल्याच आठवड्यात तो पुढचा लोखंडी गार्ड पसंत करून आला. म्हणाला, "मामा, ट्रकने ठोकलं तरी वाकणार नाही." त्याचं ते 'वाकणार नाही' डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

हिशेब शाळेतलाच आहे. ताशी 54 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 15 मीटर. या वेगाने गाडी भिंतीवर आदळली आणि तिचं नाक 60 सेंटिमीटर चेपलं, तर थांबायला 0.08 सेकंद मिळतो आणि पट्टा बांधून बसलेल्या माणसाला गुरुत्वाच्या साधारण 19 पट झटका बसतो. नाक 20 सेंटिमीटरच चेपलं, तर वेळ 0.027 सेकंद आणि झटका 57 पट. गार्ड लावल्याने नेमके 40 सेंटिमीटर कमी होतात असं नाही, पण दिशा हीच. ऊर्जा दोन्ही वेळी तेवढीच असते. फरक पडतो तो अंतराचा.

म्हणूनच गाडीचं नाक मुद्दाम चेपण्यासाठी बनवतात. बेला बारेनी या अभियंत्याने 1951 मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 मध्ये ती मर्सिडीजच्या गाडीत उतरली. आज अनेक गाड्यांत बंपरच्या प्लास्टिकमागे एक आडवा बीम असतो आणि त्याच्यामागे पातळ पत्र्याच्या दोन नळ्या. धडक बसली की या नळ्या आकाशकंदिलाच्या कागदासारख्या घडीवर घडी घेत मिटतात. मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. पहिली घडी पडायला सर्वांत जास्त बल लागतं. म्हणून नळीच्या टोकाला आधीच खाचा पाडून ठेवतात, म्हणजे सुरुवात तिथूनच आणि कमी बलात होते. पुढे प्रत्येक घडीला बल थोडं चढतं, थोडं उतरतं, आणि त्याची सरासरी जवळपास स्थिर राहते. गोल नळीत ही सरासरी पत्र्याच्या जाडीच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलते. जाडी दुप्पट केली की बल 2.8 पट! मिलिमीटरभर जाडी इकडची तिकडे झाली, तरी छातीवर येणारा भार बदलतो.

आता गार्ड. तो जाड पट्ट्यांनी आणि बोल्टांनी थेट चेसिसला जोडतात. मग बल नळ्यांना वळसा घालून सरळ चेसिसमध्ये शिरतं. एअरबॅग असलेल्या गाडीत आणखी एक घोळ होतो. धडक किती मोठी हे सेन्सर मंदनाच्या, म्हणजे वेग किती झपाट्याने घटतो त्याच्या, आलेखावरून ठरवतो, आणि तो आलेख कंपनीने मूळ बंपर लावून आखलेला असतो. गार्डामुळे तो बदलला, तर पिशवी उशिरा उघडू शकते किंवा किरकोळ धक्क्यातही. पायी चालणाऱ्याला तर प्लास्टिकऐवजी लोखंडी पाइपाचा मार बसतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या, गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणाऱ्या, कलम 52 चा भंग ठरवले, ते याच कारणांनी.

गार्डावर लिंबू-मिरची टांगली की नजर लागत नाही, असंही त्याला कोणी सांगितलं. धडकेच्या समीकरणात वेग, अंतर आणि वस्तुमान आहे. नजरेला तिथे जागा नाही. 'हेवी ड्यूटी' या शब्दालाही नाही.

भाच्याचा एक प्रश्न मात्र रास्त होता: रात्री नीलगाय आडवी आली तर? ऑस्ट्रेलियात असे बार लावतात ते कांगारूंपासून रेडिएटर वाचवायला, कारण तिथल्या ओसाड भागात रेडिएटर फुटला की मदत शेकडो किलोमीटर लांब असते. इंदूर-महू रस्त्यावर ती अडचण नाही. इथे वेग 54 वरून 36 वर आणला, तर धडकेची ऊर्जा निम्म्याहूनही कमी, म्हणजे 44 टक्केच उरते. आणि गार्ड आधीच बसवला असेल, तर तो काढताना बंपरमागचा बीम आणि त्या दोन नळ्या जागेवर आहेत का, हे बघून घ्या. पूर्ण लोखंडी बंपर बसवताना मूळ बंपर काढलेला असतो.