सही डेटावर नाही, बाईट्सवर होते: ट्रान्झॅक्शन स्कीमाची पार्श्वभूमी

नागपुरात आम्ही तिघं मित्र संत्र्याच्या क्रेटसाठी एक छोटी ब्लॉकचेन (सगळ्यांकडे सारखीच प्रत असलेली नोंदवही) बनवून राहिलो, बागेतून निघालेला माल कळमन्याच्या मार्केटला पोचेपर्यंत जितक्या हातातून जातो तितकी ट्रान्झॅक्शन्स, म्हणजे सही केलेल्या नोंदी. पहिल्याच आठवड्यात गाडं अडलं, एकाच्या लॅपटॉपवर केलेली डिजिटल सही दुसऱ्याकडे इनव्हॅलिड येत होती. माहिती तीच, फक्त एकाच्या जेसनमधे (माहिती मजकूर म्हणून लिहायचा फॉरमॅट) वजन आधी आणि दुसऱ्याच्या जेसनमधे बागेचा नंबर आधी. क्रम बदलला की बाईट्स बदलतात, आणि सही बाईट्सवरच होते.

हा घोळ ब्लॉकचेनच्या फार आधीचा आहे. टेलिकॉमवाल्यांनी १९८४ मधे एएसएन.१ (डेटाची रचना लिहायची भाषा) आणलं, पण त्याच्या बीईआर एन्कोडिंगमधे, म्हणजे डेटाचे बाईट्स करायच्या पद्धतीत, एकच गोष्ट दोन-तीन प्रकारे लिहिता यायची, म्हणून सह्यांसाठी पुढे कडक नियमांचं डीईआर आलं. सन कंपनीचं एक्सडीआर हे असंच एन्कोडिंग १९८७ चं, ते स्टेलार चेन आजही वापरते.

बिटकॉइनमधे २००९ ला वेगळी स्कीमा (कुठलं फील्ड कुठे आणि कसं, याचा लेखी आराखडा) अशी नव्हतीच, कोड हीच स्कीमा. व्हर्जन ४ बाईट, मग इनपुट, आउटपुट, सगळं ठरल्या क्रमानं. पण सहीचं डीईआर तपासण्यात ढिलाई होती, त्यामुळे तिसराच माणूस सहीचे बाईट्स जरा बदलून ट्रान्झॅक्शनचा बाईट्सवरून निघणारा आयडीच बदलू शकायचा, सही मात्र व्हॅलिडच! २०१५ मधे नियम कडक केले, आणि ऑगस्ट २०१७ च्या सेगविट नावाच्या बदलानं आयडीच्या हिशोबातून सहीच बाहेर काढली.

इथेरियम चेनचं आरएलपी एन्कोडिंग याहून साधं, त्यात फक्त बाईट्स आणि याद्या, कुठलं फील्ड काय ते जागेवरून ओळखायचं. म्हणजे नवीन प्रकारचं ट्रान्झॅक्शन आणायचं तर ओळखणार कसं? यावर ईआयपी-२७१८ नं (इथेरियम सुधारायचा एक प्रस्ताव) काढलेला मार्ग मला मनापासून आवडतो. जुनं ट्रान्झॅक्शन ही आरएलपी यादी असल्यानं त्याचा पहिला बाईट कायम १९२ किंवा वरचा, मग ० ते १२७ नवीन टाईपसाठी मोकळेच होते ना! एप्रिल २०२१ च्या बर्लिन फोर्कपासून (चेनच्या नियमांतला बदल) पुढे एक टाईप बाईट लागला, त्यानंतरचं पोट ज्याच्या-त्याच्या नियमानं. टाईप २ ऑगस्ट २०२१ मधे फीसाठी आला, टाईप ३ मार्च २०२४ मधे ब्लॉबसाठी, म्हणजे सोबत जोडलेल्या मोठ्या डेटासाठी.

गूगलचं प्रोटोबफ हे एन्कोडिंग २००८ मधे खुलं झालं, फील्डला नंबर द्यायची सवय बऱ्याच जणांना त्यानं लावली, पण दर वेळी तेच बाईट्स निघतील असं ते स्वतः सांगत नाही. म्हणून लिस्क चेननं त्यावर नंबरच्या चढत्या क्रमाची सक्ती केली, आणि निअर चेननं हॅशिंग (बाईट्सवरून छोटा ठसा काढणं) डोळ्यासमोर ठेवून बॉर्श हे एन्कोडिंग वेगळंच बनवलं.

हे सगळं वाचल्यावर आम्ही कोड बाजूला ठेवून आधी स्कीमा लिहिली भाऊ. फील्ड १ बागेचा नंबर, फील्ड २ वजन, ते पण किलोत दशांश देऊन नाही तर ग्रॅममधे पूर्णांक, आणि एखादं फील्ड काढलं तरी त्याचा नंबर परत कोणाला द्यायचा नाही.