ॲल्गोडू : आभासी यंत्ररचना

पडद्यावर काढलेल्या द्विमितीय आकृत्यांना वजन, घर्षण, उसळी देऊन भौतिकीच्या नियमांनुसार हलवणारी संगणकप्रणाली. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात एमिल एर्नेरफेल्ट यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘फन’ ही प्रणाली लिहिली. ती २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि २००९ मध्ये अल्गोरिक्स कंपनीने तिचीच पुढची आवृत्ती ॲल्गोडू नावाने आणली. यूट्यूबवर दिसणाऱ्या गोट्यांच्या शर्यतींपैकी पुष्कळ याच प्रणालीत बनतात. पण तिचा खरा कस यंत्र बांधताना लागतो, कारण इथे चूक लगेच डोळ्यांसमोर येते आणि तिचे कारण आकड्यांत शोधता येते.

मोटारगाडी हा सुरुवातीला घेण्याजोगा उत्तम नमुना. प्रणाली थांबलेल्या स्थितीत ठेवून ४ मीटर लांब, १ मीटर उंच सांगाडा काढावा. त्यावर अर्धा मीटर त्रिज्येची दोन चाके ठेवून प्रत्येकाच्या मध्यावर आस बसवावा. आस टोचलेल्या ठिकाणी एकावर एक असलेल्या दोन वस्तू जोडतो. खाली वस्तू नसेल, तर चाक थेट पार्श्वभूमीला खिळते. गाडी हवेत लटकून चाक नुसतेच फिरू लागले, तर हमखास हीच चूक झालेली असते. मागच्या आसाची मोटर सुरू करून ६० फेरे प्रतिमिनिट दिले, की सेकंदाला एक फेरा, म्हणजे ३.१४ मीटर, वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर.

चाक जागेवरच गरगरते तेव्हा नवशिके मोटरचा जोर आणखी वाढवतात. ते उलटेच पडते. घनता २ किलो प्रति चौरस मीटर धरली, तर सांगाडा ८ किलोचा आणि प्रत्येक चाक साधारण दीड किलोचे. म्हणजे मागच्या चाकाखाली जमिनीवर सुमारे ५५ न्यूटन भार येतो. घर्षणगुणांक ०.५ असेल तर पकड २७ न्यूटनच्या आसपास, आणि अर्धा मीटर त्रिज्येला १३-१४ न्यूटन-मीटर पिळाच्या (चाक फिरवणाऱ्या जोराच्या) वर जे काही द्याल ते घसरण्यातच जाते. उपाय दोनच: चाकाचे घर्षण वाढवणे, नाहीतर वजन मागे सरकवणे. वजन फार मागे गेले की पुढचे चाक उचलते, हेही ध्यानात ठेवावे.

खडबडीत वाटेसाठी चाक आडव्या दांड्याच्या टोकाला बसवतात. दांड्याचे दुसरे टोक आसाने सांगाड्याला जोडायचे आणि चाकाच्या बरोबर वर उभी स्प्रिंग लावायची. वरच्या सांगाड्याचे ३९ न्यूटन एका स्प्रिंगवर येतात. ताकद २०० न्यूटन प्रति मीटर असली तर ती २० सेंटिमीटर दबते. २० ठेवली तर सुमारे दोन मीटर दबायला हवी, म्हणजे सांगाडा जमिनीलाच टेकणार. अवमंदन, म्हणजे स्प्रिंगची हालचाल शमवणारा रोध, कमी पडले की एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डुलत राहते. आता चाक सांगाड्याला थेट जोडलेले नसल्याने दोघांचे टक्कर-थर वेगळे करावेत; एका थरातल्या वस्तूच एकमेकींवर आदळतात. एकमेकांत घुसलेल्या वस्तूंना प्रणाली जोराने दूर ढकलते आणि सगळी जोडणी उधळते. जमीन मात्र दोन्ही थरांत हवी.

आणखी एक दोष गणनेतून येतो. प्रणाली हालचाल सलग नव्हे, तर टप्प्याटप्प्याने मोजते; ६० हर्ट्झवर सेकंदाचे ६० टप्पे पडतात. ३० मीटर प्रतिसेकंद वेगाची गोटी एका टप्प्यात अर्धा मीटर पुढे जाते, त्यामुळे २० सेंटिमीटर जाडीची भिंत ती आरपार ओलांडू शकते. २४० हर्ट्झवर हे अंतर साडेबारा सेंटिमीटर होते. हलक्या साखळीला जड वजन टांगल्यावर ती रबरासारखी ताणली जाते, तेही टप्पे वाढवल्याने बरेच आटोक्यात येते. मोबदल्यात संगणकावर ताण येऊन दृश्य संथ होते, म्हणून आधी भिंत जाड करून आणि वजनांतली तफावत कमी करून पाहावे.

सुधारणा करताना एका वेळी एकच आकडा बदलावा, बदलण्यापूर्वीची प्रत वेगळ्या नावाने जतन करावी आणि वेगाचा आलेख लावून ठेवावा. चाचणीनंतर ‘अनडू’ केले की यंत्र मूळ जागी परत येते. बदलाआधीची आणि नंतरची चाचणी एकाच स्थितीतून सुरू झाल्या तरच त्यांची तुलना करता येते.